वामनकाकांची गाळलेली ओळ

वामनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत एका सभेत बोलत होते. विषय ॲपवरच्या टॅक्सीचालकांचे हक्क. सकाळी गाडी पुसता पुसता काका कोसळले होते. निरोप ऐकून मी लगेच निघाले नाही. भाषण पूर्ण केलं, टाळ्या घेतल्या, मग कळव्याची वाट धरली... महिना उलटला, त्या टाळ्या अजून कानात आहेत.

काका आणि शालनकाकू आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायचे. कारखान्यातलं काम सुटल्यावर त्यांनी ॲपला गाडी लावली. आमच्या घरी पेपरच्या आधी चळवळीची पत्रकं वाचली जायची, त्यामुळे मीही लवकरच पत्रकं लिहू लागले. मागच्या वर्षी चालकांसाठी पत्रक काढायचं ठरलं आणि मी वही घेऊन गाडीत काकांच्या शेजारी बसले. ‘ॲपवाले म्हणतात आम्ही मालक नाही, अगं, पण भाडं तेच ठरवतात, फेरी तेच ठरवतात. एकाने तक्रार केली की आयडी बंद. भांडायला समोर माणूस तरी पाहिजे ना!’ टेंभी नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, ‘आणि हेही लिही. मंगळवार-शुक्रवार मी फोन बंद ठेवतो. शालनला डायलिसिसला न्यायचं असतं. कारखान्यात अर्ध्या रजेसाठी हात जोडायचो. तेवढी मोकळीक काढून घेऊ नका.’

मी लिहून घेतलं आणि छापताना गाळलं. ‘ही मोकळीक म्हणजे फसवणूक’ हा माझा मथळा होता, त्याला ते वाक्य अडचणीचं होतं. त्या दोन दिवसांपायी उरलेले दिवस काका पहाटेपासून गाडीत असायचे, हेही मला ठाऊक होतं. म्हणजे मोकळीक खरी होती आणि तिचा सगळा भार त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. हे दोन्ही लिहायला हवं होतं. मला सोपं तेवढंच मी लिहिलं.

पत्रक वाचून काका हसले. ‘लेखिकाबाई, झणझणीत झालंय. पण माझं अर्धंच घेतलंस की गं.’

‘पुढच्या वेळी घेते, काका.’

‘घे हां. शालन विचारत होती.’

त्यानंतर आणखी दोन पत्रकं निघाली. मी घेतलं नाही... त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. उलट त्या पहिल्या पत्रकाचा गठ्ठाच मागून नेला, पॅसेंजरना द्यायला. ‘वाचा, आणि पाच स्टार द्यायला विसरू नका,’ अशी त्यांची नक्कल स्टँडवरचे चालक करायचे.

गेल्या शुक्रवारी शालनकाकूंनी गाडीच्या कप्प्यात उरलेला तो गठ्ठा माझ्या हातात दिला. वरच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, निळ्या बॉलपेनने, काकांच्या गोल अक्षरात एकच ओळ होती : ‘मंगळवार-शुक्रवार मी घरच्यांचा असतो, तेवढं राहू द्या.’ खालच्या काही पत्रकांवर ती ओळ लिहायची राहून गेली होती.

‘तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत गं,’ काकू म्हणाल्या. मग पिशवी उचलत म्हणाल्या, ‘हॉस्पिटलला जायचंय. तुझ्या फोनवरून गाडी बोलावतेस?’

मी बोलावली. ती येईपर्यंत पायरीवर बसून उरलेल्या पत्रकांवर ती ओळ लिहीत राहिले.