मोटारआत्याची गौर

आमच्या आत्याला ग्वाल्हेरातलं सगळं माधवगंज मोटारआत्या म्हणे. मोटारीत ती क्वचितच बसली असेल. पण खेळण्यातल्या लाकडी ठोकळ्यांच्या ती अशा गाड्या करी, की त्या हव्या तिकडे वळत आणि फरशीच्या सांध्यांवर आदळत नसत. "सरळ तर दगडपण घरंगळतो," ती म्हणे. "वळली तर गाडी."

तरुणपणीच विधवा होऊन ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे परतली होती. माझे वडील, नाना, दरबारचे अंमलदार. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांची पगडी खुंटीवर गेली. चेहऱ्यावरून मात्र उतरली नाही. मग राज्यांची पुनर्रचना आली आणि कचेरी भोपाळला हलणार असं ठरलं. ग्वाल्हेरच्या घरातली ती शेवटची गौर.

"यंदा गौर मी आणणार," आत्या म्हणाली.

तुळशीपासून देवघरापर्यंत गौरीचा पितळी मुखवटा सवाष्णीने किंवा कुमारिकेने आणायचा. लग्नाआधी आत्यानेच तो आणलेला. विधवेचा हात चालत नसे.

"राज्य विलीन झालं, आता रीतही विलीन करायची का?" नाना कडाडले.

"हात कोण लावतंय, दादा? गाडीतून आणीन."

नानांनी बराच विचार केला. गाडीला मनाई करणारं कलम त्यांना सापडेना.

आत्या कामाला लागली. पुढचा आस मधोमध खिळ्यावर फिरता ठेवला. दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून मागून लगामासारख्या धरल्या. ढकलायला काठी. सतारीच्या जुन्या तारा विणायच्या सुईवर गुंडाळून स्प्रिंगा केल्या. पहिल्या इतक्या कडक, की भरलेला तांब्या उडाला. दुसऱ्या इतक्या मऊ, की गाडी पुढे वाकली. "ही तर मुजरा करायला निघाली," म्हणून तिने त्या उपटल्या. तिसऱ्या वेळी तांब्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही.

गौरीच्या दिवशी आईने मुखवटा गाडीत बसवला आणि ती कुंकवाची पावलं काढत पुढे निघाली. उंबऱ्यांवर उतरत्या फळ्या टाकल्या होत्या. आईने रिवाजाप्रमाणे विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

"चाकांनी. बाजूला व्हा वहिनी, वळण आहे."

देवघराच्या वळणावरच डावी दोरी तुटली. गाडी भिंतीकडे निघाली, मुखवटा कलला.

"धरा वन्सं, धरा!" आई ओरडली.

आत्याचा हात पुढे गेला आणि थांबला. "बोलले ते बोलले." ती सोवळ्यासकट फरशीवर पालथी झाली, काठीच्या टोकाने पुढचं चाक हळूहळू वळवलं आणि तशीच सरपटत गौर देवघरात पोचवली. नाना दारात उभे होते. त्यांनी वाटेतला पाट उचलला.

पुढच्या वर्षी भोपाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये आत्या गाडीला तेल घालत बसली होती. आई मुखवटा घेऊन आली आणि तिने तो नानांच्या देखत तिच्या ओंजळीत ठेवला.

"गाडी राहू द्या आता, वन्सं."

नानांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. आत्याने ओंजळ हलकेच वरखाली केली.

"एवढी जड असते," ती म्हणाली, "विसरलेच होते मी."