गोमा भगताचा कोयता

खांब गावाजवळच्या कातकरवाडीत गोमा हिलम हा भगत होता. कुणाला ताप भरला की तो देवीपुढे कोयत्यानं कोंबडा कापायचा आणि वाटे घरोघर पाठवायचा. देवीचा वाटा खाल्ला की माणूस देवीचा होतो, असं तो सांगे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात त्याची बायको सोमी तापानं फणफणली. गोमानं कोंबडा कापला, मग बोकड कापला. सोमी गेलीच.

लेक ठकी त्याला अष्टमी गावात एका खोलीत भरणाऱ्या रविवारच्या ख्रिस्ती प्रार्थनेला घेऊन गेली. पास्टरांनी पाव मोडला, इवल्या पेल्यांत द्राक्षाचा रस ओतला. "हे प्रभूचं शरीर, हे तुमच्यासाठी सांडलेलं रक्त."

गोमा दचकला. "हितं बी कापलाच व्हय? कुणाला?"

"देवानं स्वतःचा मुलगा दिला, दादा. आता दुसऱ्या कुणाचं रक्त लागत नाही."

"मंग माझी सोमी कशापायी गेली?"

पास्टरांनी पावाचा तुकडा आणि पेला त्याच्यापुढं केला. गोमानं पाव खाल्ला, पण पेला काही ओठांपर्यंत नेववेना. त्यानं तो ठकीच्या हातात दिला.

त्यानंतर तो प्रार्थनेला गेला नाही आणि कोयत्यालाही शिवला नाही. कोंबडा घेऊन आलेले लोक चिडून दुसऱ्या भगताकडे जात. गोमा मात्र आजाऱ्याच्या उशाशी जाऊन ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत बसे.