ध्वज धरणारी

ध्वज कलंडला आणि ढोल थांबले. कॉलेजच्या पोरांचं पथक तेव्हा नवं, मिरवणूक पहिलीच. ध्वज जमिनीला लागला तर वादन सोडून घरी जायचं, हा त्यांचा नियम. ध्वज धरणारी प्राची माझ्या गजऱ्यांच्या टोपलीपुढेच गुडघ्यावर आली, पण काठी तिनं खांद्यावरून सोडली नाही.

"अगं, हात दे," मी म्हटलं.

"हात नको आजी, टोपली सरकवा."

मी टोपली सरकवली. ती उठली आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

आता त्या पथकाला रस्ता पुरत नाही. बक्षिसंही खूप मिळालीत. लोक म्हणतात, पथकात पोरं निवडून घेतात. निवडताना कुणाच्या तोंडावर काय दिसणार? येतात सगळे मिरवायलाच. काठीचा भार खांद्यावर आला की बरेच जातात. उरतात त्यांचं पथक होतं.

आज एक नवी पोरगी ध्वज घेऊन माझ्यासमोरच डुगडुगली. मागून कुणीतरी ओरडलं, "पाय रोव गं, गुडघा फुटतो."

प्राचीच होती. पहिल्या मिरवणुकीतली आता तेवढी एकच पथकात आहे.