सरांची काळी एक

“फॉर्म भरी टाकू का बाई? उद्या शेवटनी तारीख शे,” आप्पांनी कॉलेजच्या गेटवरच विचारलं.

आप्पा धरणगावचे कापसाचे व्यापारी. त्यांची साक्षी जळगावला माझ्याकडे पाच वर्षं गाणं शिकत होती. आता तिला गायनातच डिग्री करायची होती. कॉलेज निवडायला मदत म्हणून आप्पांनी मला गाडीत घालून आणलं होतं. खरं तर त्यांचं ठरलंच होतं. मी फक्त मान डोलवायची होती.

कॉलेज होतंही झकास. एसी स्टुडिओ, लिफ्ट, काचेची दारं. विभागप्रमुखांनी टॉपरला बोलावून गायला लावलं. मुलगा छान गायला, आप्पा खूश. साक्षी मात्र माझ्याकडे बघत होती. निवड चुकली तर तीन वर्षं आणि गळा, दोन्ही तिचंच जाणार होतं.

मला खोडी सुचली. आप्पांना बाजूला घेऊन म्हटलं, “तुम्ही गाडीतला वरवरचा कापूस बघूनच भाव करता ना?”

आप्पांना राग आला. “मी काय येडा शे का? पार तळपर्यंत हात घालस मी.”

“मग इथेही घाला.”

त्यांना एकच प्रश्न शिकवला: तुझी पट्टी कोणती? गाणारा पेटीवरच्या ज्या पट्टीला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. ज्याची त्याची वेगळी, आणि बायकांची पुरुषांहून बरीच लांब. साक्षीची काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी.

आप्पा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये सात-आठ पोरापोरींना गाठून परत आले ते बुचकळ्यात पडूनच, सगळ्यांचं उत्तर एकच होतं. “बाई, बठ्ठा काळी एकच सांगतस. आठे एकच माप शे का?”

मी विभागप्रमुखांना विचारलं. ते अभिमानानं म्हणाले, माझी काळी एक आहे, विद्यार्थ्यांनी गुरूच्याच पट्टीत गायचं, शिस्त लागते. शेजारच्या वर्गात मुली ती शिस्त पाळत होत्या. वर गेल्या की किंचाळत, खाली आल्या की पुटपुटत.

फॉर्म न भरताच आम्ही निघालो आणि दुपारी दुसरं कॉलेज बघायला धुळ्याला पोहोचलो. तिथलं कॉलेज जुनं, वर पत्रे, पंखा बेसूर. तिथल्या मॅडमनी साक्षीला सा लावायला सांगितला आणि त्या सुराला तानपुरा जुळवत बसल्या. वीस मिनिटं खुंट्या पिळणं चाललं. आप्पांनी तीनदा घड्याळ पाहिलं. मग साक्षी गायली. आप्पांनी तिथलाच फॉर्म मागून घेतला. नंतर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

साक्षी आता तिसऱ्या वर्षाला आहे. आवाज चांगला मोकळा झालाय. धरणगावात कोणाच्या मुलीला गाणं शिकायचं असलं की लोक सल्ल्याला आप्पांकडे जातात. पोरीची पट्टी विचारल्याशिवाय आप्पा चहासुद्धा देत नाहीत म्हणे.

मी एवढंच शिकले: पालकांना शोध स्वतःच लावल्यासारखं वाटू द्यावं, ॲडमिशन योग्य जागी होते. नंतर आपल्याला कोणी विचारत नाही, तेवढी तयारी ठेवावी.