बटणांची दुर्बीण

अण्णाला दुर्बीण घ्यायची होती आणि मला ती लवकर घ्यायची होती. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा आम्ही बहीणभाऊ भांडलो, त्याचं मूळ एवढंच.

अण्णा माझा थोरला भाऊ. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाला आणि भीमेकाठच्या आमच्या गावातच राहिला. मी अफजलपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि रविवार साधून गावी जाते. अण्णाकडे फार वर्षांपासून एक साधी, हातानं फिरवायची दुर्बीण होती. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, की तो ती अंगणात मांडायचा आणि आलेल्या सगळ्यांना चंद्र दाखवायचा. आकाश बघणारे शहाणे लोक पौर्णिमेला दुर्बीण झाकून ठेवतात. भरलेला चंद्र सपाट दिसतो आणि त्याच्या उजेडात बाकीचे तारे पुसले जातात. हे मी अण्णाला किती वेळा सांगितलं असेल! त्याचं उत्तर ठरलेलं असायचं.

"चंद्र अष्टमीला चांगला दिसतोय, पन मानसं पौर्णिमेला येतेत. मी मानसाला चंद्र दावायलोय, चंद्राला मानसं न्हाई."

त्या दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी धरली आणि नव्या दुर्बिणीचा विषय निघाला. त्याच सुमाराला अण्णाच्या डोळ्यांचं कळलं.

उजवा डोळा गेला तेव्हा कुणाला पत्ताच लागला नव्हता, त्याला स्वतःलासुद्धा नाही. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा धडकायचा, ताटातली एका बाजूची चटणी तशीच राहायची, आणि वैनी ओरडायची, "लक्ष कुठं आसतंय तुमचं?" शेवटी त्याला सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तपासणी झाल्यावर त्यांनी अण्णाला आत बसवून वैनीला नि मला बाहेर बोलावलं. गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळाही कडांनी आकसत आलाय. औषधाच्या थेंबांनी वेग कमी होईल, पण थांबेलच असं सांगता येत नाही. डॉक्टर नीट, सावकाश बोलले.

परतीच्या बसमध्ये अण्णा पुढच्या सीटवर बसून खिडकीतून ऊस बघत होता. वैनीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "त्यास्नी काय बी सांगू नका."

आमच्या घरची रीतच ती. वाईट बातमी ज्याची असेल त्यालाच सांगायची नाही. वडिलांचा आजार साऱ्या गावाला ठाऊक होता, एक वडील सोडून. या रीतीचा मला राग आहे आणि तरीही त्या बसमध्ये मी मान डोलावली. घरी येऊन आम्ही अण्णाला सांगितलं की थेंब घाल, सगळं ठीक होईल. तो "बरं" म्हणाला आणि चहा मागितला.

म्हणून मला घाई होती. त्यानं निदान एकदा शनी बघावा, स्वतःच्या डोळ्यानं, डोळा आहे तोवर. जुन्या दुर्बिणीतून त्याला कधी कडी नीट दिसली नव्हती. ही त्याची फार वर्षांची हौस, आणि ती हुकेल या धास्तीनं मला झोप लागेना. तो मात्र मोबाइलवर दुर्बिणींचे व्हिडिओ बघत निवांत बसलेला.

"कामून घाई करायलीस?" तो म्हणायचा. "यंदा कडी बारीक हायत. दोन वर्सांनी उघडतेत. तवर नवं मॉडेल बी येतंय."

बोलणं खरं होतं, तेच तर दुखणं. जेवणाचं ताट डोळ्यांसमोर अगदी आडवं धरलं की नुसती कड दिसते, तशी काही वर्षं शनीची कडी आपल्याला दिसतात. मग हळूहळू ताट कलतं. कडी उघडत जाणार आणि अण्णाचा डोळा मिटत जाणार, हा हिशेब माझ्या डोक्यात सारखा चालायचा आणि तोंडानं काही बोलायची सोय नव्हती.

मग आम्ही मॉडेलांवरून भांडायचो. बाजारात संगणकावर चालणाऱ्या दुर्बिणींच्या किती मालिका आहेत ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, पण आमच्या पुरत्या चार जाती होत्या. पहिली एका हाताची. एका उभ्या खांबाला बाजूनं नळी अडकवलेली, बुडाशी मोटारी, आणि वायरीनं जोडलेला बटणांचा रिमोट. तिला तारीख, वेळ आणि गाव सांगायचं. मग दोन ठळक तारे नळीत मधोमध आणून "हा अमुक, हा तमुक" असं दाखवून द्यायचं. एवढ्यावर तिला सगळं आभाळ कळतं. नंतर शनी मागितला की घुर्र करत शनीकडे वळते आणि त्याच्यामागे फिरत राहते.

दुसरी जात हुबेहूब तीच, फक्त रिमोट काढून टाकलेली. तिचा कारभार मोबाइलवर. काचेवर आभाळाचा नकाशा येतो, ताऱ्यावर बोट ठेवा, ती तिकडे बघते. तिसरी जड, जाड नळीची, मागं लोखंडी वजनं लटकवलेली, आणि मांडण्याआधी ध्रुवाकडे तोंड करून बसवावी लागणारी. ती आणली तर विहारापर्यंत न्यायला बैलगाडी सांगावी लागली असती. चौथी अगदी नव्या जमान्याची. तिला डोळा लावायला जागाच नाही. अंगणात ठेवून द्यायची, ती आपली आपण तारे ओळखते, फोटोवर फोटो काढते आणि मोबाइलवर चित्र दाखवते.

चौथीवर आमचं एकमत झालं, ती नको. "फोटोच बघायचा तर घरात कॅलेंडर हाय की," अण्णा म्हणाला. शिवाय तिची सगळी करामत अंधाऱ्या आभाळातल्या पुसट तेजोमेघांवर, आणि आमचं आभाळ पौर्णिमेचं.

भांडण उरलं ते पहिल्या दोघींत. मला दुसरी हवी होती. रिमोटच्या पट्टीवर लाल अक्षरांची बारीक ओळ सरकत जाते, मोबाइलवर सगळं मोठं, ठळक करून घेता येतं. नजर कमी होत चाललेल्या माणसाला कोणती बरी हे शेंबडं पोरही सांगेल. पण हे कारण मला उच्चारता येत नव्हतं. म्हणून मी दुसरीच कारणं द्यायचे. रिमोट जुना झाला, वायर पायात येते, मोबाइलला आपलं गाव आपोआप कळतं.

"आन् रिमोटला न्हाई कळत?"

"त्याच्या यादीत आपलं गाव कुठलं आलंय? सोलापूर टाकावं लागंल न्हाईतर हैदराबाद."

"मंग सोलापूर टाकू की. दवाखाना सोलापूरचा, सोयरे सोलापूरचे, दुर्बिनीलाच काय धाड भरलीय?"

दिवाळीच्या आधी सोलापुरात एका हौशी मंडळानं मैदानावर संध्याकाळी दुर्बिणी मांडल्या होत्या. मी अण्णाला घेऊन गेले. म्हटलं, हाताळून बघेल आणि डोकं ठिकाणावर येईल. मोबाइलवाल्या दुर्बिणीपाशी तो जरा वेळ उभा राहिला, काचेवर बोट फिरवलं आणि पुढं गेला. एका हाताच्या दुर्बिणीपाशी मात्र रेंगाळला. नळीला डोळा लावण्याआधीच त्यानं रिमोट मागून घेतला आणि तळहातात धरून अंगठ्यानं एकेक बटण चाचपत राहिला. मागं माणसं खोळंबली. माझा जीव वर-खाली. "आरसा केवढा हाय, चित्र कसं हाय ते विचार की! टीव्हीचा रिमोट घ्यायला आलास का?" मी खेकसले. तो हसला आणि म्हणाला, "हीच घ्यायची."

घेतली. मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

दुर्बीण घरी आल्यानंतरचा पहिला रविवार. मी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, वैनी शेताकडे गेलेली. ओसरीवरच मोटारीची घुर्र ऐकू आली. आत डोकावले तर दुर्बीण भिंतीकडे तोंड करून उभी, आणि समोर खुर्चीत अण्णा, डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधून. हातात रिमोट. अंगठा बटणांवरून सरकत होता आणि तो पुटपुटत होता, "ग्रह... खाली, खाली... एंटर." दुर्बीण वळली, थांबली. त्यानं मान कलती करून ती थांबल्याचं ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

चप्पल काढायचंही सुचलं नाही.

"कोन, तू का?" तो म्हणाला. टॉवेल सोडला नाही.

"अण्णा, हे काय?"

"अब्यास करायलोय. मोबाइलच्या काचंला हात लावून काय कळतंय बग? ह्या बटनाला उंचवटा हाय."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

"डॉक्टरनं तुमाला भाईर बोलवलं तवाच कळलं. चांगली बातमी आसती तर आतच सांगितली आसती की."

"मंग बोलला कामून न्हाईस?"

"तुमी दोगी येवड्या कष्टानं लपवायलाव. मी कशाला पानी फिरवू त्याच्यावर?"

मला इतका राग आला की रडूच आलं. त्याचा राग, वैनीचा राग, आमच्या घराच्या त्या गोड बोलण्याच्या रीतीचा राग. महिनोन् महिने मी ठळक अक्षरांसाठी भांडत होते आणि हा माणूस अक्षरं दिसेनाशी झाल्यानंतरची तयारी करत होता. शनी बघायची घाई त्याला नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी काळजी त्याला दुसरीच होती. ती त्यानं त्या दिवशी टॉवेल बांधूनच सांगितली.

"माजी नजर गेली म्हनून मानसं यायची थांबतेत का? पौर्निमा तर येनारच. त्येंना कोन दावायचं?"

"आन् सुरवातीचे दोन तारे? ते मधोमध आनायला डोळा लागतोय."

"त्याला तू हायस."

मग त्यानं टॉवेल सोडला. डोळे चोळले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या किंचित डावीकडे, बघत म्हणाला, "पन येक हाय. तारा मधी नसला तर न्हाई म्हनायचं. तू मला बरं वाटावं म्हनून व्हय म्हनलीस तर मशिनीला समदं आभाळ चुकीचं कळंल. हितं आपल्या घरची रीत चालायची न्हाई."

मी "बरं" म्हटलं. वैनीला इतक्यात काही सांगू नको, असं त्यानं मला बजावलं. हेही त्याच रीतीतलं, पण मी वाद घातला नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटायला घेतली आणि आम्ही अंगणात दुर्बीण मांडली. रिमोट त्याच्या हातात, डोळा माझा. पश्चिमेकडे उतरत चाललेला अभिजित तारा नळीच्या कडेला आला होता.

"डावीकडं," मी म्हणाले. "आजून. आता वर. जास्त झालं, खाली."

"आता?"

तारा जवळजवळ मधोमध होता. जीभ "व्हय" म्हणायला उचललीही होती. "न्हाई," मी म्हणाले, "आजून थोडं डावीकडं." असे दोन तारे झाले. मग त्यानं न बघता अंगठा फिरवला, दुर्बीण घुर्र करत वळली आणि शनी बरोबर मधोमध येऊन उभा राहिला. मोत्याएवढा पिवळसर मणी आणि त्यातून आरपार गेलेली सुई. एका म्हातारीनं बघून "आगं बया, ह्येला तर दाभण टोचलंय!" म्हटल्यावर सगळं अंगण हसलं. अण्णा सगळ्यांत जास्त हसला.

सगळ्यांचं झाल्यावर शेवटी तो बसला. डावा डोळा लावला आणि कितीतरी वेळ हलला नाही.

"दिसलं का?" मी विचारलं.

"दिसलं की. झकास."

तो बाजूला झाला आणि मी वाकून बघितलं. नळीत काहीच नव्हतं, नुसतं काळं आभाळ. त्याच्या आधीच्या बाईनं उठताना नळीचा आधार घेतला होता, तेव्हाच शनी निसटला असणार.

आजूबाजूला माणसं होती, मुलं होती. गप्प बसणं सोपं होतं आणि आमच्या घरात सगळे तेच करत आले. मी त्याच्या कानाशी गेले. "अण्णा, नळीत शनी न्हाई."

त्यानं रिमोट चाचपून हातात घेतला. "मंग आन की मधी. सांग."

"उजवीकडं. आजून. वर थोडं. बस."

तो पुन्हा वाकला. पापणी काचेला लावून डोकं इंचाइंचानं हलवत शोधत राहिला. एकदा "गेलं" म्हणाला, एकदा "न्हाई" म्हणाला. मग एकदम स्थिर झाला.

"रेघ हाय. लई बारीक," तो म्हणाला. "आडवी न्हाई पन. तिरपी हाय."

मी बघितलं. रेघ तिरपीच होती. ती तिरपी आहे हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

"दोन वर्सांनी कडी उगडतील तवा तू बगून मला सांग," तो म्हणाला. "जशी हायत तशी सांग."

तेवढ्यात वैनी खिरीची वाटी घेऊन आली. "दिसलं का वो?" तिनं विचारलं.

"दिसलं," अण्णा म्हणाला. "पुडच्या बारीला दिसंल का न्हाई, म्हाईत न्हाई. तुला बी म्हाईत हाय, मला बी म्हाईत हाय."

वैनी माझ्याकडे बघायला लागली. मी काही सांगितलेलं नाही, अशी मी मान हलवली. तिनं पदरानं तोंड पुसलं, अण्णाच्या उजव्या बाजूला उभी होती ती डाव्या बाजूला आली, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वाटीच्या काठाला नेऊन लावला.