इद्रीसची दोन मिनिटं

साळवी स्टॉपला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षांत कामं पुष्कळ चुकली, सगळी निमूट सुधारून दिली. एकच घर असं भेटलं की ते मला चूक सुधारूच देईना. राजिवड्यातल्या इद्रीसचं.

इद्रीस बोटीवर, इंजिनरूममध्ये कामाला. नऊ महिने दर्यात, जेमतेम तीन महिने घरी. त्याच्या डिझेल गाडीला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. लांबून आलं की तो तापलेला असतो, इंजिन लगेच बंद केलं तर त्याचं तेल थांबतं आणि तो जळतो. म्हणून दोन मिनिटं गाडीतच बसून इंजिन चालू ठेवायचं. हे शहाणपण मी सांगायला गेलो कुणाला, तर इंजिनात जन्म काढलेल्या माणसाला! तो उसळला. "संदेश, वरीसभर इंजिनापाशीच बसतंय मी. दारात येऊन अजून दोन मिनिटां बसू?"

मग मी टर्बो टायमर बसवला. चावी काढून माणूस घरात गेला तरी इंजिन दोन मिनिटं चालतं आणि आपोआप बंद होतं. त्याच दिवशी चोरीचा अलार्मही बसवला, आणि तिथे माती खाल्ली. टायमर चालू आहे तोवर गप्प बस, हे अलार्मला सांगणारी एक वायर असते. ती जोडायचीच राहिली. इद्रीसने गाडी लॉक केली की अलार्मला वाटे, चोरानेच इंजिन सुरू केलंय. दोन मिनिटं मोहल्लाभर बोंब.

मी ओशाळून वायर जोडायला गेलो, तर त्याच्या बायकोनेच, कनीजभाभीने अडवलं. "ऱ्हाव दे, संदेशभाय. बोंब उठली की मी तवा ठेवते. गप झाली की ह्यांची भाकरी तयार." त्यांची चार वर्षांची मुलगी आयात पाण्याचा तांब्या घेऊन दाराकडे पळायची. नवरा आल्याची दवंडी फुकटात पिटणारी गाडी साऱ्या रत्नागिरीत ती एकच असेल.

इद्रीस परत बोटीवर गेला. नऊ महिने झाले, बदली माणूस मिळेना, अकरावा लागला. ईदही त्याच्याविना गेली. फोनवर तोंड दिसायचं. पण तोंड दिसणं आणि माणूस घरात असणं यात केवढा दर्या असतो, हे राजिवड्यासारख्या दर्यावर्दी मोहल्ल्यात कुणाला सांगायला नको.

बॅटरी उतरू नये म्हणून भाभी दर शुक्रवारी गाडी सुरू करून आतच बसून राहायची आणि बोंब उठू नये म्हणून इंजिन बंद झाल्यावरच लॉक करायची. गेल्या शुक्रवारी घरात इद्रीसचा फोन वाजला. तिने घाईने चावी काढली, गाडी लॉक केली आणि धावली. बोंब उठली. आयात तांब्या घेऊन पळत आली आणि दारात कुणीच नाही बघून तिथेच बसली. दुपारी जेवलीही नाही.

"ती वायर आता जोडाच," भाभीने मला बोलावून सांगितलं. "तुमचा भाऊ बोटीवरून आला की मी सोताच काढीन. मना फक्त दाखवून ठेवा."

मी वायर जोडली, तिला दाखवली. आपलीच चूक सुधारताना इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. भाभीने गाडी सुरू केली, चावी काढली, लॉक केली. बोंब नाही. नुसतं इंजिन धडधडत राहिलं. सुटलो बुवा, असं मी म्हणतोय तोच दारात आयात उभी, हातात तांब्या.

इंजिन आपोआप बंद झालं. तिने रिकाम्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, अब्बा कवा उतरले?"

गाडी अशी एकटी धडधडत असली की अब्बा घरात पोचलेले असतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. भाभीने तोंड फिरवलं.

आयात तांब्या सांभाळत आत वळली आणि एकेका खोलीत अब्बांना शोधू लागली.