डॉल्बीत ओतलेली ज्वारी

विश्रामबागेत घरी कपाटाचं काम चाललंय. प्लायवूड आणि ते चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं सकाळपासून मला एक जुनी गोष्ट आठवतेय.

कॉलेजात असताना कोरेगावच्या आमच्या शेतघरात मी आणि मित्र संभाजी गणपतीसाठी डॉल्बीचा बेसबॉक्स, म्हणजे मोठ्या स्पीकरचं लाकडी खोकं, बनवत होतो. आत नेमकी किती जागा आहे यावर त्याचा आवाज ठरतो. लांबी, रुंदी, उंची गुणून झाली, पण आतल्या पट्ट्या आणि वाकडा पाइप वजा करताना गणित अडकलं.

"कागदात काय मरतोयस रं? ज्वारी वत की!" संभाजी म्हणाला.

दारातल्या पोत्यातली ज्वारी लिटरच्या मापानं ओतत बॉक्स भरला, आकडा मिळाला आणि ज्वारी परत पोत्यात ओतली. कोपऱ्यांतलं सोल्युशन अजून ओलं होतं. दाण्यांना तो उग्र वास लागला.

तेव्हा खतासाठी आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्याबदली आईनं दारातलं तेच पोतं त्यांना दिलं. ज्वारी नासवली म्हणून बोलणी बसतील, या भीतीनं मी तिला वासाचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानातल्या त्यांच्या तळावर गेलो, तर धनगरांच्या बायडाबाईंनी गरम भाकरी पुढं केली. "औंदा ज्वारीला जरा वास मारतोय, पर घ्या."

माझं तोंड वाकडं झालं. "नको, जेवून आलोय."

"आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, धाकलं मालक?"

त्या हसल्या, पण हात लगेच मागं गेला. मग त्याच भाकरीचा तुकडा मोडून त्या खाऊ लागल्या.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांना तसंच समजू दिलं.